घोडा कोणता दिला, ते आधी सांगा

रेसकोर्स हा आपल्या अंकाचा विषय नव्हे, असं आपल्यातल्याच दोघी-तिघींनी मला ऐकवलं. त्यांचं म्हणणं मी समजू शकते. घोड्यांचा नाद लागलेल्या घरांत काय होतं ते आपण सगळ्याच जणी पाहत आलो आहोत. पगाराच्या दिवशी नवरा घरी यायच्या आधी पैसे महालक्ष्मीला पोचलेले असतात, मंगळसूत्र गहाण पडतं, शाळेची फी राहते. शिवाय घोड्यांचे हाल होतात, आणि हा श्रीमंतांचा खेळ. मग आपल्या त्रैमासिकाची पानं जॉकीच्या कौशल्यावर कशाला खर्च करायची?

माझं उत्तर असं की रेस चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे, तो एखाद्या अंकात जरूर घालू. मला बोलायचंय ते एका मोजमापाबद्दल. कुणाला 'कुशल' म्हणायचं, कशावरून म्हणायचं आणि ते ठरवायचा अधिकार कुणाकडे, हा प्रश्न आपण शेतमजुरीपासून बँकेतल्या बढतीपर्यंत सगळीकडे विचारतो. रेसकोर्सवर तो फार स्वच्छ दिसतो. तिथे बाई आणि पुरुष एकाच शर्यतीत, एकाच रेषेवरून, एकाच अंतरासाठी उतरतात. बायकांची शर्यत वेगळी आणि पुरुषांची वेगळी, असं तिथे सहसा नसतं. असे खेळ फार थोडे. म्हणूनच इथे बाईला मागे ठेवण्यासाठी कोणती कारणं पुढे केली जातात, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

आणि कौशल्याची भाषा मी रेसवाल्यांवर लादत नाही, ती त्यांचीच आहे. रेस हा जुगार की कौशल्याचा खेळ, हा वाद तामिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. त्या निकालात जॉकीच्या कसबाचाही आधार घेतलेला आहे: दोन घोडे सारखेच वेगवान असतील, तर जास्त चांगला तयार झालेला जॉकी आधी पोचू शकतो. सारी रेस आज कायद्याने ज्या खांबांवर उभी आहे, त्यातला एक खांब म्हणजे जॉकीचं कौशल्य. ठीक आहे. मग ते कौशल्य कौशल्यासारखं मोजा.

आधी ते असतं काय, हे नीट पाहू या, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं की जॉकी म्हणजे पाठीवर बसून चाबूक मारणारा माणूस. घोड्याचं वजन पाचशे किलोच्या आसपास, वेग ताशी साठ किलोमीटरपर्यंत जातो. जॉकी खोगिरावर बसतच नाही. आखूड रिकिबीत पायांच्या चवड्यांवर उभं राहून, गुडघे वाकवून, पाठ जमिनीला समांतर ठेवून तो घोड्याच्या प्रत्येक टापेबरोबर स्वतःचं वजन हलवत राहतो, म्हणजे घोड्याला ते ओझं कमीत कमी जाणवतं. हे तोलाचं काम आहे. मांड्या, कंबर, पाठ लोखंडासारखी हवी, हे खरं. पण ती सरावाने होते. ज्या बाईने दहा वर्षं रोज पहाटे तबेल्यात घोडे फिरवलेत तिची ती झालेली असते.

मग येतो वेगाचा हिशेब. घोड्याच्या अंगात जेवढा दम आहे तेवढाच आहे, तो कुठे खर्च करायचा हे जॉकीने ठरवायचं. पहिल्या निम्म्या अंतरात उधळला तर शेवटच्या चारशे मीटरला पाय जड होतात. फारच राखून ठेवला तर पुढचे हाताबाहेर जातात. जॉकीच्या हातात घड्याळ नसतं. डोक्यात असतं. पुढे पळणारा घोडा खरंच जोरात पळतोय, की त्याच्यावरचा जॉकी हळूहळू वेग उतरवून सगळ्यांना फसवतोय, हे पाचव्या-सहाव्या जागेवरून, तोंडावर माती उडत असताना ओळखायचं असतं.

मग जागा. वळणावर आतल्या कठड्याला धरून गेलं तर अंतर वाचतं. साधं गणित आहे: अर्धवर्तुळाकार वळणावर एक मीटर बाहेरून गेलात तर तीन मीटरहून थोडं जास्त पळावं लागतं. दोन घोडे आतल्या बाजूला आणि तुम्ही तिसऱ्या, म्हणजे साधारण दोन मीटर बाहेर असाल, तर सहा मीटर गेले. म्हणजे जवळजवळ अडीच लेंग्थ, आणि शर्यती तर नाकाच्या अंतराने ठरतात. पण आत राहण्यात धोका हा की पुढचा घोडा दमून मागे आला की तुमची कोंडी होते. पुढे भिंत, बाजूला भिंत, आणि तुमच्या घोड्यात दम शिल्लक असूनही जायला वाट नाही. म्हणून कुणाच्या मागे राहायचं, हेही ठरवावं लागतं. दमणाऱ्याच्या मागे राहायचं नाही. जो शेवटपर्यंत खेचणार आहे त्याच्या पाठी लागायचं, म्हणजे तो वाट करून देतो. हे ठरवायला क्षण-दोन क्षण मिळतात. चुकलं तर शर्यत जाते, आणि कधी जीव जातो. १९७९ मध्ये महालक्ष्मीवर कार्ल उमरीगर हा तरुण, गुणी जॉकी घोड्यावरून पडून गेला. मुंबईचे जुने रेसवाले अजून त्याचं नाव काढतात.

आता सांगा, यातल्या कुठल्या गोष्टीला पुरुषाचे दंड लागतात? पाचशे किलोच्या घोड्याला पंचावन्न किलोचा पुरुष ताकदीने आवरत नाही आणि बाईही आवरत नाही. दोघंही तो हाताने, तोलाने आणि ओळखीने आवरतात.

तरी 'ताकद' हा शब्द रेसच्या जगातून हटत नाही. त्यांचा शेवटचा मुद्दा असा की शेवटच्या फर्लांगात घोड्याला रेटायला, म्हणजे हातांनी ढकलायला आणि चाबूक चालवायला, पुरुषी जोर लागतो. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांना असं दिसलं की घोडे सर्वांत जोरात पळतात ते चाबूक सुरू होण्याआधीच्या टप्प्यात. शेवटच्या चारशे मीटरला, घोडा दमलेला असताना, चाबूक सर्वांत जास्त चालतो आणि तरी वेग उतरतच जातो. जास्त मारलं म्हणून घोडा पुढचा नंबर पटकावतो, असंही दिसलं नाही. नॉर्वेने तर १९८२ मध्येच शर्यतीत चाबकाने मारण्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट मैदानावरच्या शर्यतीत सहापेक्षा जास्त फटके मारता येत नाहीत. म्हणजे ज्याला मर्दानी 'फिनिश' म्हणून टाळ्या पडत होत्या, तो बराचसा दमलेल्या जनावराला मारण्याचा देखावा होता. मारण्याच्या क्षमतेलाच कर्तबगारी समजायची सवय फक्त रेसकोर्सवर नाही, हे मी आपल्या वाचकांना सांगायला नको.

गंमत पाहा. हा एक असा धंदा, जिथे हलकं असणं हाच मोठा गुण. पुरुष जॉकी त्यासाठी उपाशी राहतात, गरम कपडे घालून धावतात, वाफ घेऊन अंगातलं पाणी काढतात, आणि त्या अशक्त अवस्थेत घोड्यावर चढतात. बाई अनेकदा मुळातच हलकी असते. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात अशा माणसाला आधी बोलावलं असतं. इथे मात्र वजनाचा फायदा बाईकडे दिसायला लागला की प्रश्न एकदम ताकदीचा होतो. आमच्या शेतमजूर बायकांना हे पाठ आहे. भांगलण बोटांचं आणि नजरेचं काम, दिवसभर उकिडवं बसून करायचं, ते 'हलकं' म्हणून मजुरी कमी. नांगर धरणं 'भारी' म्हणून जास्त. १९७६ च्या समान वेतन कायद्याने कौशल्य, श्रम आणि जबाबदारी अशी तिन्ही मोजायला सांगितली, पण बांधावर अजून एकच मोजलं जातं आणि तेही चुकीच्या ठिकाणी.

'पण आकडे बघा ना,' असं यावर रेसवाले म्हणतात. जिंकलेल्या शर्यती मोजा, पहिल्या वीस जॉकींत बायका किती ते पाहा. बघू या आकडे. जॉकीने किती शर्यती जिंकल्या हा आकडा मुख्यतः एक गोष्ट सांगतो: त्याला घोडे कसे मिळाले. घोडा कुणाला द्यायचा हे मालक आणि ट्रेनर ठरवतात. ज्याला चांगले घोडे मिळतात तो जिंकतो, जिंकतो म्हणून त्याला आणखी चांगले मिळतात. ज्या बाईला आठवड्यातून दोन लंगडत चालणारे घोडे मिळतात, ती त्यांना आठव्या जागेवरून पाचव्यावर आणते. पण पाचव्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो.

लिव्हरपूल विद्यापीठात व्हेनेसा कॅशमोर यांनी ब्रिटनमधल्या चौदा वर्षांच्या, २००३ ते २०१६ मधल्या, सुमारे साडेबारा लाख राइड्सचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यावसायिक परवान्यांत बायका सुमारे अकरा टक्के. मिळालेल्या राइड्समध्ये पाच टक्क्यांच्या आसपास. आणि सपाट मैदानावरच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या शर्यतींत एक टक्क्याच्या आसपास. घोड्याचा दर्जा हिशेबात धरल्यावर बाई आणि पुरुष जॉकींच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, तिथल्याच दोन अर्थशास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं: पैसे लावणारे लोक बाईच्या घोड्याला काय भाव देतात? अडथळ्यांच्या शर्यतींत असं निघालं की भावावरून जितक्या शर्यती बायकांनी जिंकायला हव्या होत्या, त्यापेक्षा थोड्या जास्तच त्या जिंकतात. थोडक्यात, पंटर बाईला कमी लेखतो आणि त्या कमी लेखण्याची किंमत स्वतःच्या खिशातून भरतो. पैशापुढे पुरुष शहाणा होतो म्हणतात. इथे तेवढ्यानेही झालेला दिसत नाही.

आपल्या सल्ला केंद्रात एक गृहस्थ बायकोबरोबर यायचे. कारखान्यात नोकरी, व्यसन फक्त रेसचं. प्रत्येक हरलेल्या शर्यतीची त्यांच्याकडे एकच कहाणी असे: 'मॅडम, घोडा चांगला होता हो, जॉकीने ओढला.' जिंकले की स्वतःची अक्कल, हरले की जॉकीची लबाडी. बाई शेजारी गप्प बसलेली. मग त्यांची तक्रार सुरू व्हायची की हिला घर चालवता येत नाही, महिन्याच्या पंधरा तारखेला डबे रिकामे. त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली: 'ताई, ह्यांना विचारा, एक तारखेला माझ्या हातात किती ठेवले.' त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आम्हा दोघी कार्यकर्त्यांना वाटलं, ही बाई पंधरा तारखेपर्यंत पोचली कशी? तेवढ्या पैशात पाच माणसांना पंधरा दिवस जेवू घालणं हे जे काही आहे, त्याला कुठल्याही हिशेबनीसाने कसब म्हटलं असतं. घरात मात्र त्याचं नाव होतं 'हिला जमत नाही'.

मोजायचं कसं, हे मी दोन शर्यतींवरून सांगते.

२०१५ चा मेलबर्न कप. ऑस्ट्रेलियातली ३२०० मीटरची ही शर्यत १८६१ पासून चालू आहे आणि तोवर एकाही बाईने ती जिंकली नव्हती. मिशेल पेनच्या घोड्याचं नाव प्रिन्स ऑफ पेन्झान्स, भाव एकास शंभर. कुणी ढुंकून पाहत नव्हतं. चोवीस घोड्यांत तिला सर्वांत आतली जागा मिळाली होती. वाचायला बरी वाटते, पण दोन मैल आत कोंडून घ्यायची ही हुकमी जागा. तिने कठड्यालगत राहून अंतर वाचवलं, घोड्याला शांत ठेवलं आणि शेवटचं वळण यायच्या सुमाराला, जो पुढे सरकतोय अशा ट्रिप टू पॅरिस या घोड्याच्या मागून वाट काढत बाहेर आली. सरळ पट्टीत घोडा मोकळा सोडला आणि अर्ध्या लेंग्थने जिंकली. वर मी जे जे सांगितलं, ते सगळं या तीन-साडेतीन मिनिटांत आहे. त्याच शर्यतीत दुसऱ्या आलेल्या घोड्यावर फ्रँकी डेटोरी हा जगातला सर्वांत नावाजलेला जॉकी होता. शेवटी इतर घोड्यांना अडथळा केल्याबद्दल त्याला निलंबन आणि दंड झाला. मी त्याला अकुशल म्हणत नाही, मोठा जॉकी आहे तो. पण हीच चूक मिशेलकडून झाली असती तर दुसऱ्या दिवशी काय लिहून आलं असतं? 'घाबरली', 'ताकद कमी पडली', 'आवरला नाही'. पुरुषाची चूक त्या दिवसाची असते, बाईची चूक सगळ्या बायकांच्या खात्यावर मांडली जाते. शर्यतीनंतर मिशेलने जाहीरपणे सांगितलं की काही मालकांना तिला या घोड्यावरून उतरवायचं होतं.

दुसरी आयर्लंडची रेचेल ब्लॅकमोर. २०२१ मध्ये तिने ब्रिटनची ग्रँड नॅशनल जिंकली. चाळीस घोडे, तीस अडथळे, जवळजवळ सात किलोमीटर. असं करणारी ती पहिली बाई. सगळीकडे त्याचीच बातमी झाली, पण मला तिची दुसरी शर्यत जास्त शिकवणारी वाटते. त्याच वर्षी चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये तिच्यापुढे एकाच तबेल्यातले दोन घोडे होते. तिने आ प्ल्यू तार निवडला आणि दुसरी आली. जिंकला तो तिने सोडलेला मिनेला इंडो. एखाद्या बाईचा न्याय एवढ्यावरच संपला असता. २०२२ मध्ये ती त्याच आ प्ल्यू तारवर पुन्हा उतरली. या वेळी तिने घोडा मागे धरून ठेवला, घोळक्यात, दाटीत, इतका वेळ की पाहणाऱ्यांना वाटावं, गेली हिची संधी. शेवटचे दोन अडथळे उरले असताना वाट काढून बाहेर आली आणि मिनेला इंडोला पंधरा लेंग्थ मागे टाकून जिंकली. घोडा तोच, बाई तीच. आदल्या वर्षीच्या शर्यतीतून ती जे शिकली, ते लोकांना दिसलं कारण तिला तोच घोडा दुसऱ्यांदा मिळाला. दुसऱ्यांदा मिळणं हीच बायकांच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात रेचेल निवृत्त झाली, तेव्हा तिच्या ताकदीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

हे आपोआप झालेलं नाही. ब्रिटनच्या जॉकी क्लबने बाईला ट्रेनरचा परवाना द्यायचाच नाही असं धोरण ठेवलं होतं. फ्लॉरेन्स नेगल कित्येक वर्षं घोडे तयार करत होती आणि परवाना होता तिच्या तबेल्यातल्या नोकराच्या नावावर. जिंकलेल्या घोड्याच्या नावापुढे ट्रेनर म्हणून त्याचं नाव छापून यायचं. (सातबाऱ्यावर कुणाचं नाव असतं, हे आठवलं का?) ती कोर्टात गेली आणि १९६६ मध्ये अपील कोर्टाने क्लबला फटकारल्यावर बायकांना परवाने मिळू लागले. अमेरिकेत १९६८ मध्ये कॅथी कुस्नरला जॉकीचा परवाना कोर्टातून घ्यावा लागला. त्याच वर्षी पेनी ॲन अर्ली केंटकीत शर्यतीला उतरणार म्हटल्यावर पुरुष जॉकींनी घोड्यावर चढायलाच नकार दिला. १९६९ च्या फेब्रुवारीत डायन क्रंप फ्लोरिडात पहिल्यांदा शर्यतीला उतरली ती पोलिसांच्या पहाऱ्यात. त्यांना खात्री होती ना की बाईला ताकद नाही? मग तिला हरवून दाखवायचं होतं. बहिष्कार कशाला?

आपल्याकडे चेन्नईची रूपा सिंग ही देशातली पहिली व्यावसायिक स्त्री जॉकी मानली जाते. ती घोड्यांच्या घराण्यातली, आणि तिने शेकडो शर्यती जिंकल्या. पुण्याच्या सिल्वा स्टोरायने इकडच्या रेसकोर्सवर नाव केलं. पुढची नावं सांगायला गेलं की हाताची बोटं उरतात. मराठी घरांतून पांडू खाडे आणि वसंत शिंदे यांच्यासारखे नामांकित जॉकी झाले, आपल्याला त्यांचा अभिमानही आहे. पण त्या घरांतल्या मुलींना घोड्यावर कुणी बसवलं? जॉकीचा धंदा तबेल्यातून मिळतो. बाप, काका, भाऊ, सईस यांच्या हाताखाली पोरगा दहाव्या-बाराव्या वर्षी घोड्याला लगाम घालायला शिकतो. मुलगी तबेल्याच्या मागच्या खोलीत भाकरी थापत असते. पुढे कुणी म्हणतं, 'मुलींना आवड नसते.'

एका गोष्टीचं मला नेहमी हसू येतं. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने. २०१० ची डर्बी जॅकलिन या घोडीने मारली. घोडीने घोड्याला हरवलं तर रेसवाल्यांना अभिमान वाटतो, तिच्या वंशावळी छापतात. घोड्यांबरोबर पळताना घोडीला दीडेक किलो वजन कमी दिलं जातं, त्याचीही कुणाला लाज वाटत नाही. आणि त्याच डर्बीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बायका दिसतात त्या मोठमोठ्या टोप्या घालून उभ्या असलेल्या. तेवढीच त्यांची कामगिरी.

आता सवलतीबद्दल, कारण यावर आपल्या गोटातही मतभेद होतील. फ्रान्सने मार्च २०१७ पासून बहुतेक शर्यतींत बाई जॉकीला दोन किलोची सवलत दिली, पुढे ती दीड किलोवर आणली. जपाननेही २०१९ पासून सवलत सुरू केली. फ्रान्समध्ये लगेच बायकांना जास्त घोडे मिळू लागले आणि त्या जास्त जिंकू लागल्या. काही नामवंत बाई जॉकींनी मात्र विरोध केला. त्यांचं म्हणणं, हा अपमान आहे, आम्ही बरोबरीच्या आहोत. त्यांचा राग मला कळतो, पण मी त्यांच्या बाजूची नाही. शिकाऊ पुरुष जॉकीला जगभर वजनाची सवलत मिळते. ती कशासाठी? तो दुबळा आहे म्हणून नव्हे, ट्रेनरला त्याला घोडा देण्याचा मोह व्हावा म्हणून. त्याला कुणी अपमान म्हणत नाही, मोठमोठे जॉकी त्याच वाटेने आले. बाईच्या सवलतीचं काम तेच आहे: घोडा हातात पडणं. चुकीचं आहे ते तिला लावलेलं कारण. 'शरीराने कमी म्हणून' असं लिहिलंत तर तुम्ही उद्याच्या प्रत्येक मुलीच्या कपाळावर शिक्का मारता. 'इतकी वर्षं घोडे दिले नाहीत म्हणून' असं लिहा, मग सवलत किती आणि कधीपर्यंत हेही ठरवता येईल. पंचायतीतल्या आरक्षणाच्या वेळी हाच वाद आपण घातला आहे. 'बायकांना काय कळतं' म्हणणाऱ्यांच्या गावांत आज तिसऱ्यांदा निवडून आलेल्या सरपंच बायका आहेत. पहिली खुर्ची मिळाली म्हणून त्यांचं काम दिसलं. नवऱ्याच्या सहीने चालणाऱ्या सरपंचही आहेत, ते मला ठाऊक आहे. पण त्यावर उपाय खुर्ची काढून घेणं हा नव्हता.

आणखी एक. पुरुष जॉकी हा आपला शत्रू नाही. तो बहुतेकदा गरिबाघरचा, राइडमागे पैसे मिळवणारा, हाड मोडलं तर महिनोन्‌महिने घरी बसणारा माणूस आहे. त्याच्या जागा कमी म्हणून तो बाईला आत येऊ देत नाही. पूर्वी गिरण्यांत आणि आता कंपन्यांच्या दारात कंत्राटी कामगार एकमेकांना जसे आत येऊ देत नाहीत, तसंच हे. घोडे वाटणारे हात वेगळेच आहेत. प्रश्न त्यांना विचारायचा.

आणि तो विचारायचा आपल्याला हक्क आहे. महालक्ष्मीची जमीन राज्य सरकारची आणि महापालिकेची. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला होता. २०२४ मध्ये सुमारे २११ एकरांतली १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे घेऊन उरलेली पुन्हा क्लबला देण्याचा निर्णय झाला. पुण्याचं रेसकोर्स लष्कराच्या जमिनीवर आहे. सार्वजनिक जमिनीवर जो कौशल्याचा खेळ चालतो, त्यात ते कौशल्य शिकायची वाट अर्ध्या लोकसंख्येला उघडी आहे की नाही, हे विचारणं म्हणजे कुणाच्या खाजगी क्लबात नाक खुपसणं नव्हे. मुंबई-पुण्याच्या गटांनी मिळून पत्र पाठवावं असं मी सुचवते. त्यात चार गोष्टी विचारू या: गेल्या दहा वर्षांत शिकाऊ जॉकी म्हणून किती मुली घेतल्या, किती अर्ज आले आणि नाकारताना कारण काय दिलं, परवाना असलेल्या बाईला वर्षाला किती राइड्स मिळाल्या आणि त्या घोड्यांचा भाव काय होता, तबेल्यांत मुलींना राहायला सुरक्षित जागा आणि वेगळी न्हाणीघरं आहेत का, आणि २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे तक्रार समिती आहे का, तिच्यावर कोण आहे. मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्या गटांना सही करायची असेल त्यांनी पुढच्या अंकाआधी कळवावं, आणि शक्य असेल तर तबेल्यांजवळच्या वस्तीत काम करणाऱ्या एखादीला सोबत घ्यावं, कारण किती मुलींना घोड्यावर बसायचंय हे क्लबपेक्षा तिला आधी ठाऊक असेल.